प्रतिपक्षाची पानं



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य मुलांना मराठी लिहायला शिकवण्यात घालवलं. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी वक्तृत्व, लेखनशिक्षण आणि सार्वजनिक वाद ही तिन्ही नावं एका ओळीत लिहून पाठवली. आपल्याकडे हे तीन वेगळे प्रांत समजले जातात. वक्तृत्व स्नेहसंमेलनापुरतं आणि ढाल-चषकापुरतं, लेखन उत्तरपत्रिकेपुरतं, आणि वाद घालायचा तो पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी. मला मात्र हे एकच काम वाटतं. समोरच्या माणसाला, आणि विशेषतः आपलं न पटणाऱ्या माणसाला, धरून बोलणं आणि धरून लिहिणं. हे ज्या ठिकाणी शिकवलं जात नाही तिथे सभा होतात, निबंध लिहिले जातात, पण वाद होत नाही. हे सांगण्यासाठी मी एका न झालेल्या भाषणापासून सुरुवात करतो.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं डिसेंबर १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलावलं. मंडळ मुख्यतः सवर्ण सुधारकांचं. जातिभेद मोडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोनच महिने आधी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती, तरी मंडळानं त्यांना बोलावलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुढे भाषणाचा मजकूर मंडळाच्या हाती पडला. जातीचा आधार धर्मशास्त्रात आहे आणि त्या शास्त्रांचं प्रामाण्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही, हे त्यातलं प्रतिपादन मंडळातल्या अनेकांना पेललं नाही. काही भाग वगळावा अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग १९३६ च्या मे महिन्यात त्यांनी ते भाषण स्वखर्चानं छापून प्रसिद्ध केलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'जातिप्रथेचं विध्वंसन' म्हणून आपण ओळखतो ते हे पुस्तक.

आता ऐकणाऱ्याचा विचार करून ते भाषण कसं रचलंय ते पाहा. समोर बसणार होते ते सुशिक्षित, राजकीय जाणीव असलेले हिंदू. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पहिला प्रश्न असणार तो असा, की स्वराज्याची लढाई ऐन भरात असताना हा जातीचा विषय आत्ताच कशाला? बाबासाहेब तो प्रश्न टाळत नाहीत, उलट तिथूनच सुरुवात करतात. राष्ट्रीय सभा आणि सामाजिक परिषद यांची फारकत कशी झाली ते सांगतात. पेशवाईतल्या अस्पृश्यांची स्थिती सांगतात. मग इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांवर गावकऱ्यांनी लादलेली बंधनं सांगतात, कारण ती अलीकडची आणि वर्तमानपत्रांत आलेली, त्यामुळे नाकारता न येणारी होती. त्यानंतर वळतात ते समाजवाद्यांकडे. आर्थिक समता आली की बाकी सगळं आपोआप होईल असं म्हणणाऱ्यांसाठी ते रोमच्या प्लेबियनांचा इतिहास काढतात, कारण तो वाचकवर्ग युरोपचा इतिहास मानणारा होता. म्हणजे पुरावा निवडताना स्वतःला काय पटतं याच्या आधी समोरच्याला काय नाकारता येणार नाही, हा विचार केलेला दिसतो.

मग जातीच्या समर्थनाचे युक्तिवाद एकेक करून येतात. जात म्हणजे श्रमविभागणी, हा त्यांतला सगळ्यांत सभ्य आणि सगळ्यांत पसरलेला युक्तिवाद. बाबासाहेब तो नीट, त्याच्या बळकट रूपात मांडतात आणि मग दाखवतात, की इथे कामाबरोबर काम करणारी माणसंच विभागली गेली आहेत, तीही एकमेकांच्या वर-खाली, आणि हे काम त्यांनी आपल्या मर्जीनं पत्करलेलं नाही. रक्तशुद्धीचा युक्तिवाद येतो, तेव्हा ते मानववंशाच्या अभ्यासकांच्या साक्षी काढतात. आर्यसमाजी मंडळींचं गुणकर्मावर आधारलेलं चातुर्वर्ण्य येतं. लाहोरच्या सभागृहात आर्यसमाजी विचाराची माणसं समोरच बसलेली असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी तो मुद्दा त्यांनी गाळला नाही.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवून जाते ती दुसरी आवृत्ती. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून या भाषणावर टीका केली. गांधीजींचा न्यायही इथे मांडायला हवा. भाषण दाबलं गेलं हे त्यांना पसंत नव्हतं आणि सुधारकांनी ते वाचलंच पाहिजे असं त्यांनी लिहिलं. मात्र धर्माची परीक्षा त्याच्या सर्वोत्तम माणसांवरून करावी, ज्ञानदेव-तुकारामांसारखे संत ज्या धर्मात झाले तो असा सर्वस्वी दोषी असेल कसा, अशी त्यांची बाजू होती. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि मग त्यापुढे स्वतःचं उत्तर दिलं. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही वाचकापुढे ठेवला. उत्तराच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या भाषणातले मुद्दे क्रमवार मांडले आणि विचारलं, की यांपैकी कोणत्या मुद्द्याला महात्माजींनी उत्तर दिलं? संतांच्या मुद्द्याला मात्र त्यांनी स्वतः थेट उत्तर दिलं. संतांचा विषय माणूस आणि देव यांच्यातलं नातं हा होता, माणूस आणि माणूस यांच्यातल्या जातीवर त्यांनी घाव घातला नाही, असं ते म्हणाले. वारकरी परंपरेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना आजही आत काहीतरी हलतं, आणि मी ते पूर्णपणे मान्य करत नाही. पण मला उत्तर द्यायचं असेल, तर कोणत्या वाक्याला द्यायचं हे त्या पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. वाद पुढे न्यायला वाचकाच्या हातात दोन्ही बाजू आहेत. हे पुस्तक मी मराठीच्या प्रत्येक शिक्षकाला लेखनाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचायला सांगेन.

विरोधकाचं म्हणणं आधी मांडायचं ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी आणि सिद्धान्त नंतर. न्यायसूत्रांनी तर चर्चेचे प्रकारच पाडले. तत्त्व कळावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. ग्रीकांमध्येही वक्तृत्वाची विद्या सुरू झाली ती, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सिरॅक्यूसमधल्या हुकूमशाहीनंतर जमिनीच्या दाव्यांत सामान्य नागरिकांना स्वतः उभं राहून बोलावं लागलं तेव्हा. अरिस्टॉटलनं पुढे तिचे तीन आधार सांगितले: बोलणाऱ्याचं शील, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. पण आपल्या पूर्वपक्षाच्या रीतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या सभांत ती पाळली गेली, त्या सभांत स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांना पूर्वपक्ष म्हणूनही जागा नव्हती. ती जागा त्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतः मिळवली, आणि मराठी वक्तृत्वाचा खरा इतिहास मला तिथून सुरू झालेला दिसतो.

महात्मा फुल्यांची दोन लेखनं शेजारी ठेवून वाचावीत. पहिलं म्हणजे हंटर शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेलं इंग्रजी निवेदन. सुरुवातीला ते आपला अधिकार सांगतात. मुलींची शाळा काढली, महार-मांग मुलांची शाळा चालवली, शिक्षक म्हणून काम केलं. मग सरकारच्याच तिजोरीच्या भाषेत बोलतात. महसूल येतो तो रयतेच्या घामातून, खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरून शिक्षण दिलं की ते झिरपत खाली जाईल या धोरणाचं फळ कुठे दिसतंय ते दाखवा, असं ते विचारतात. आणि नुसती तक्रार करून थांबत नाहीत. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, त्यांना निदान बारा रुपये पगार द्या, शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमात आणा. आयोगातल्या साहेबाला जे ठरावात उतरवता येईल, ते त्यांनी ठरावाच्या रूपातच दिलं.

दुसरं लेखन 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चं. विषय बराचसा तोच, रयतेची लूट आणि अज्ञान. पण इथे वाचक, खरं तर श्रोता, वेगळा. छापण्याआधी फुल्यांनी हे लेखन मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवलं. शेतकऱ्याच्या घरातली भाकर, कुलकर्ण्याची लेखणी, कोर्टातली फरफट हे सगळं त्यात इतकं जवळून येतं, की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. सुरुवातीची प्रकरणं 'दीनबंधु'त आली, पुढची छापायला संपादकही कचरले. एकच माणूस, एकच दुःख, दोन श्रोते आणि दोन वेगळ्या रचना. आपण मुलांना 'प्रभावी भाषा वापरा' असं सांगतो. कोणावर प्रभाव पाडायचा, हे सांगत नाही.

याच काळात उलटं उदाहरणही घडलं आणि ते तितकंच शिकण्यासारखं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून सात वर्षं 'निबंधमाला' चालवली, चौऱ्याऐंशी अंक काढले. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल मी मानतो, माझी पिढी तो वाचूनच लिहायला शिकली. पण फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भर दिला तो व्याकरणाच्या चुकांवर, अशुद्ध मराठीवर आणि लेखकाच्या पात्रतेवर. शूद्रांच्या स्थितीबद्दल फुल्यांनी जे विचारलं होतं, त्याला उत्तर आलंच नाही. शैलीच्या वैभवानं प्रश्नाला बगल कशी देता येते याचा हा मराठीतला मोठा नमुना आहे, आणि तो आपल्या वर्गांत अजून शिल्लक आहे. मुलगी लिहिते की आमच्या वाडीत पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदाच येतो, आणि आपण लाल शाईनं 'टँकर'वरचा अनुस्वार दुरुस्त करतो. शुद्धलेखन शिकवायलाच हवं. पण ज्या वहीत समासात फक्त ऱ्हस्व-दीर्घच्या खुणा दिसतात, त्या वहीतल्या मुलाला कळतं, की मी काय म्हणालो ते कोणी वाचलेलं नाही.

ताराबाई शिंदे यांचं नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, त्यावर 'पुणेवैभव'सारख्या पत्रांनी समस्त स्त्रियांच्या चारित्र्यावर झोड उठवली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिलं. स्त्रियांवर परंपरेनं लादलेल्या दुर्गुणांची यादी त्यांनी घेतली आणि एकेक दुर्गुण पुरुषांच्या वागण्यावर ठेवून पाहिला: साहस कोण जास्त करतो, कपट कोणाचं मोठं. संताप प्रत्येक ओळीत आहे, पण क्रम कुठे सुटत नाही. वादात भावना नको असं जे म्हणतात, त्यांनी हे छोटं पुस्तक वाचावं. संतापाला मुद्द्यांच्या पायऱ्या दिल्या तर तो समोरच्यापर्यंत पोहोचतो. फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, बाकीच्यांनी एवढा गदारोळ केला की त्यांचं दुसरं पुस्तक आलंच नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' शोधून पुन्हा छापलं, तोवर जवळजवळ शंभर वर्षं मराठी मुलींच्या हाती ते नव्हतं.

आता आपल्या शाळांकडे येतो. वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी अनेक वर्षं बसलो आहे. विषय आधी जाहीर होतो. भाषण बहुतेक वेळा बाई किंवा वडील लिहून देतात. मूल ते पाठ करतं, हातवारे बसवतं, सुरुवातीला एखादा शेर आणि शेवटी 'जय हिंद, जय महाराष्ट्र'. आवाज, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान यांना गुण. मुलांची मेहनत खरी असते, धीटपणा येतो, हे मी मनापासून मान्य करतो. पण त्या पूर्ण दिवसात एकाही मुलाला कोणी एकही प्रश्न विचारत नाही. आधीचा वक्ता जे बोलला त्याला पुढचा उत्तर देत नाही, कारण त्याचं भाषण आठवडाभर आधीच पाठ झालेलं असतं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 'वक्तृत्वशास्त्र' हे पुस्तक लिहिलं त्या पिढीतल्या वक्त्याला समोरून विरोध होईल हे गृहीतच धरावं लागे. आपण मुलांना अशा सभागृहासाठी तयार करतो, जिथे विरोध होणारच नाही.

निबंधाचंही तसंच. 'मोबाईल: शाप की वरदान?' पहिल्या अर्ध्यात वरदान, दुसऱ्या अर्ध्यात शाप, शेवटी अति तेथे माती. दोन्ही बाजू आल्या म्हणून आपण खूश होतो, पण त्या बाजू एकमेकींशी बोलतच नाहीत. वरदानाच्या परिच्छेदातला एकही मुद्दा शापाच्या परिच्छेदाला माहीत नसतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' आलं हे चांगलं पाऊल होतं, आणि ज्यांनी ते आणलं त्यांचा हेतू मला कळतो. पण बाजारातल्या मार्गदर्शकांत तयार स्वमतं छापून येऊ लागली, आणि मुलं स्वतःचं मत पाठ करू लागली. पत्रलेखनात नमुना पाळला की गुण मिळतात. 'मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद' असं लिहिलेली कितीतरी तक्रारपत्रं दर वर्षी तपासली जातात. त्यांतलं एकही टपालात पडत नाही.

मी माझ्या वर्गात काही वेगळं करून पाहिलं, तेवढंच अनुभवानं सांगतो. एका विद्यार्थ्यानं आपलं मत लिहायचं. दुसऱ्यानं त्याला विरोध करण्याआधी त्याचं मत आपल्या शब्दांत लिहून दाखवायचं, आणि पहिला 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. सुरुवातीला वर्गात चिडचिड झाली. दोन-दोन तास एकाच परिच्छेदात गेले. पण मुलांच्या लिहिण्यात बदल दिसला. 'सर्वच', 'कधीच', 'प्रत्येकालाच' यांतले 'च' गळू लागले. विशेषणं कमी झाली, कारण समोरचा विचारत होता, हे कशावरून? आणि काही मुलांनी मधेच आपलं मत बदललं. एका मुलानं मला विचारलं की, सर, मत बदललं तर गुण जातील का? त्या प्रश्नातून आपली परीक्षा पद्धत किती कळते!

आणि खरी पत्रं लिहायला लावली. शाळेच्या रस्त्यावरचा दिवा, एसटीची वेळ, दवाखान्यातली रांग. पत्र खरं जाणार म्हटल्यावर मुलं विचारू लागली, हा अधिकार नेमका कोणाचा? ग्रामसेवकाचा की बांधकाम विभागाचा? बस बदलली तर कोणाची गैरसोय होईल? म्हणजे वाचक कोण, त्याच्या हातात काय आहे आणि त्याची अडचण काय, हे अरिस्टॉटल न वाचता मुलांना सुचलं. दोन-तीन पत्रांना उत्तरं आली, बाकीच्यांना आली नाहीत. उत्तर न आलेल्या पत्रांवर आम्ही स्मरणपत्रं लिहिली. तोही धडाच होता.

हे शाळेबाहेर चालेल का, असा प्रश्न येतो. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत आहे. शंभराच्या आसपास घरांचं गोंड आदिवासींचं गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांनी जगाला दाखवलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे गेले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. या कामातले देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या गावाची एक पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात प्रश्न समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं, बोलायचं, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. एखाद्याला पटलं नाही तर निर्णय थांबतो आणि त्याचं म्हणणं पुन्हा ऐकलं जातं. बहुमतानं हात वर करून मोकळं व्हायचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केला आहे. त्यामुळे बोलणाऱ्याला अल्पमतातल्या माणसाशी बोलणं भाग पडतं.

पुणे-मुंबईसारख्या शहरात हे जसंच्या तसं होणार नाही, हे मी जाणतो. लाखो लोकांची सहमती होत नसते, आणि सहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवलं जाण्याचा धोकाही असतो. त्याहून मोठा आक्षेप असा, की जो माझं माणूसपणच नाकारतो त्याचं म्हणणं मी का मांडू? हा आक्षेप मला फार गंभीर वाटतो. समोरच्याला जागा देण्याचा भार आधी बलवानावर आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळानं ती जागा दिली असती तर भाषण झालं असतं. त्यांनी ती काढून घेतली आणि ज्याचा आवाज दाबला गेला त्यानंच प्रतिपक्षाला आपल्या पुस्तकात पानं दिली. त्यानं असं करणं हा त्याचा मोठेपणा. आपण मात्र तो दुबळ्यांकडून हक्कानं मागू नये. सभागृह ज्यांच्या ताब्यात आहे, वृत्तपत्र ज्यांच्या हातात आहे, वर्गात खडू ज्यांच्या हातात आहे, त्यांनी सुरुवात करावी.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी फेरी ठेवा. तिच्यात पाठ केलेलं भाषण नको. पहिल्या फेरीत आपल्याविरुद्ध बोललेल्या मुलाचा सगळ्यांत बळकट मुद्दा आधी त्याला मान्य होईल असा सांगायचा आणि मग तीन मिनिटांत उत्तर द्यायचं. आणि निबंधाच्या जागी एखाद्या वर्षी असा प्रश्न देऊन पाहा: तुमच्या गावचा आठवडी बाजार मुख्य रस्त्यावरून गावाबाहेर हलवण्याचा ठराव आहे. तो हलवू नये असं म्हणणाऱ्या भाजीवालीची बाजू आधी दहा ओळींत लिहा. मग तुमचं मत लिहा, त्या बाजूला उत्तर देऊन. दोन्ही भागांना सारखे गुण ठेवा. आणि पहिला भाग बरोबर आला की नाही, हे तपासायला शक्य असेल तिथे मुलांना वही घेऊन बाजाराच्या दिवशी तिच्याकडेच पाठवा.